हरीण परत करायचं आहे

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये मावशींना ‘मावशी’ हे नाव पहिल्याच दिवशी चिकटलं. वय काही फार नव्हतं, चाळिशी नुकतीच उलटलेली. पण बाकी आम्ही सगळे पंचविशीच्या आसपासचे, त्यामुळे इलाज नव्हता. त्यांनीही विषय वाढवला नाही. “म्हणा,” म्हणाल्या, “घरी मी सून आहे, वहिनी आहे, काकू आहे. त्यात एकाची भर.”

त्यांची आजवरची सगळी नोकरी लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेली होती. आधी गिझरच्या कंपनीत, मग कुरियरच्या, आणि शेवटी आमच्याकडे, फोनवर खेळायच्या कार्डांच्या खेळात. गिझर निदान गळायचा, आणि तो गळतोय हे दोन्ही बाजूंना मान्य असायचं. इथे हातात धरता येईल असं काहीच नव्हतं, आणि लोक मात्र हात तुटल्यासारखे रडायचे.

खेळ असा होता. रोज बंद पाकिटं मिळायची. फोडली की आत कार्डं, प्रत्येकावर एखादा प्राणी आणि त्याच्याखाली चांदण्या. एका चांदणीची कार्डं ढिगानं निघायची. तीन चांदण्यांचं निघालं तर लोक ओळखीपाळखीच्यांना दाखवत फिरायचे. याच कार्डांनी दोघांना डावही खेळता यायचा. नको असलेलं कार्ड देऊन हवं ते घेता यायचं, पण त्यालाही नियम होते. दोघं एकमेकांच्या मित्रयादीत असले पाहिजेत. दोन्ही कार्डांच्या चांदण्या सारख्या पाहिजेत. शिवाय प्रत्येक अदलाबदलीला एक टोकन खर्ची पडायचं, आणि ती टोकनं ठिबकत ठिबकत जमायची. एकानं कार्ड पुढे करायचं, दुसऱ्यानं त्यावर आपलं ठेवायचं, पहिल्यानं बघून होकार द्यायचा, की संपलं. नुसतं देऊन टाकायची सोय नव्हती. दिलं की काहीतरी घ्यावंच लागायचं.

आता चांदण्या सारख्या म्हणून दोन कार्डं सारखी थोडीच होतात? काचेच्या हरणालाही तीन चांदण्या आणि लाल खेकड्यालाही तीनच. पण खेकडा निम्म्या लोकांकडे होता आणि हरणासाठी लोक जीव टाकायचे. नवख्यांना हे ठाऊक नसायचं, मुरलेल्यांना पक्कं ठाऊक असायचं, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या एवढ्याशा फटीतून यायच्या. उत्तर एकच, तयार लिहून ठेवलेलं: दोघांच्या संमतीनं झालेली अदलाबदल रद्द करता येत नाही. मावशी ते दिवसभर पाठवायच्या. संध्याकाळी हेडफोन काढला की कानांवर त्याचे वळ दिसायचे.

घरीही विसावा नव्हता. नवरा फळांचा थंड ट्रक चालवायचा. आला की झोपायचा आणि उठला की जायचा. सासऱ्यांना ऐकू कमी यायचं, हात थरथरायचे, आणि दिवसभर एकटं बसून ते इतके कंटाळलेले असायचे, की सून आल्याबरोबर तेच ते प्रश्न सुरू व्हायचे. “इथे ओरडू नका म्हणून पगार मिळतो,” मावशी मला म्हणाल्या होत्या, “आणि घरी ओरडल्याशिवाय भागत नाही.”

अशात ती तक्रार आली. पाठवणाऱ्याचं खेळातलं नाव ‘संथ कासव’. कुणीतरी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता. हे त्यानं स्वतःच लिहिलं होतं, का कोण जाणे. म्हणणं असं: ‘उद्याबघू’ नावाच्या बाईंकडून मी काचेचं हरीण घेतलं आणि लाल खेकडा दिला. पुढच्या महिन्यात हरीण सगळ्यांना फुकट वाटणार आहेत, अशी थाप मी त्यांना मारली होती. ही अदलाबदल रद्द करा. हरीण परत करायचं आहे.

मावशींनी सवयीनं तयार उत्तर पाठवून दिलं. त्यानं पुन्हा लिहिलं, तितक्याच अदबीनं. “मॅडम, फसवणूक माझी झालेली नाही, मी केलेली आहे. तेवढं लक्षात घ्यावं.”

तेव्हा कुठे मावशींनी तक्रार नीट वाचली आणि उठून सरांकडे गेल्या. सर आमचे चांगले होते, पण त्यांना प्रत्येक तक्रार कुठल्या तरी खान्यात घालायची असायची.

“तोटा कोणाचा झालाय?” सर म्हणाले.

“त्या बाईंचा.”

“त्यांनी तक्रार केलीय?”

“नाही.”

“मग ज्याचा फायदा झाला त्याची तक्रार मी कुठे घालू? बंद करा.”

मावशींनी ती बंद केली. दुसऱ्या दिवशी कासवानं नवी पाठवली. असं बरेच दिवस चाललं. हा वेडा दिसतोय, असं मी म्हटलं. मावशी म्हणाल्या, “वेडा असता तर बरं झालं असतं गं. वेड्याला उत्तर पाठवून मोकळं होता येतं.”

“मग त्यानं सरळ त्या बाईंशी अदलाबदल करावी ना उलटी. हरीण द्यावं, खेकडा घ्यावा.”

“यादीत नाहीत त्या त्याच्या. यानंच काढून टाकलं त्यांना, लाजेनं. आता पुन्हा विचारायला तोंड नाही म्हणतो.”

एवढं झाल्यावर मावशींनी जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं, कारण कामाबाहेरचं काम करायची ताकद त्यांच्यात उरलीच नव्हती. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या फोनवर खेळ उतरवून घेतला. नाव ठेवलं ‘मावशी’. मग कासवाला आणि उद्याबघूला, दोघांनाही मैत्रीची विनंती पाठवली. दोघांनी मान्य केली. बेत साधा होता: कासवाकडून हरीण आपल्याकडे घ्यायचं, मग आपल्याकडून उद्याबघूला द्यायचं. फक्त कासवाला बदल्यात द्यायला तीन चांदण्यांचं काहीतरी हवं होतं, आणि मावशींकडे होते एका चांदणीचे बेडूक. बेडकावर बेडूक.

पाकिटं फोडायचं काम सासऱ्यांनी मागून घेतलं. चिकाटी मोठी. बोट थरथरत पडद्यावर आणायचे, पाकीट फाटायचं, आतून बेडूक निघायचा, आणि ते विचारायचे, “हा चांगला का?”

“नाही, बाबा.”

“मग चांगला कुठला?”

हे रोज. तरी मावशी म्हणायच्या, की त्या निमित्तानं बाकीचे प्रश्न कमी झाले. आणि एका रविवारी सकाळी, मावशी कपडे वाळत घालत असताना, म्हाताऱ्यांनी दगडी बगळा काढला. तीन चांदण्या. सुनेनं ओल्या हातानं फोन घेतला आणि खात्री करायला दोनदा बघितलं.

“हा चांगला का?”

“हा चांगला, बाबा.”

त्याच दुपारी बगळा कासवाकडे गेला आणि हरीण मावशींकडे आलं. सोमवारी बसस्टॉपवर उभं राहून त्यांनी ते उद्याबघूपुढे ठेवलं आणि बदल्यात खेकडा मागितला. खेळात चार ओळींच्या चिठ्ठ्या पाठवता यायच्या. उद्याबघूची चिठ्ठी लगेच आली.

“मावशी, तुम्ही नवीन दिसता. हरीण खेकड्यावर देऊ नका. लोक फसवतात. मलाही एकानं असंच गंडवलं.”

आता आली पंचाईत. मावशींनी बस सोडली आणि सगळं खरं लिहून टाकलं: हे तेच हरीण आहे, त्यानं परत पाठवलंय, मी मधली.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, आणि मावशींनी ते मला वाचून दाखवलं. “थाप आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मी एक्स-रे काढायचं काम करते, खोली बंद, दिवसभर कुणाशी बोलणं नाही. संध्याकाळी तो खेळायचा माझ्याशी. म्हटलं, घेऊ दे एक हरीण. पण दुसऱ्या दिवशी यादीतूनच काढलं मला. त्याचा राग आहे. हरीण नको.”

मावशींनी फोन उपडा ठेवला. “म्हणजे एवढे बेडूक काढले ते कशासाठी?” एवढंच बोलल्या.

कासवाला त्यांनी कळवलं: कार्ड राहू द्या, बाईंना विनंती पाठवा आणि काय बोलायचं ते स्वतः बोला. त्यानं पाठवली. उद्याबघूनं चारेक दिवस लटकवून ठेवली आणि मग मान्य केली. दोघं पुन्हा खेळायला लागले, पण पूर्वीसारखं रोज नाही, कधीतरी. एकदा बिघडलेलं तेवढंच जुळलं. हरीण आता मावशींकडेच होतं, कारण ते त्याला बघवत नव्हतं आणि तिला नको होतं.

आणि तेच अंगाशी आलं. आम्हा कर्मचाऱ्यांच्या खात्यांची दर महिन्याला तपासणी व्हायची, तीत दिसलं, की तक्रार विभागातल्या बाईंच्या खात्यात, खेळायला लागून थोडेच दिवस झालेले असताना, काचेचं हरीण आहे, आणि तेही ज्याच्या तक्रारी त्या बंद करत होत्या त्याच माणसाकडून आलेलं. सरांनी आत बोलावलं. मावशींनी पहिल्यापासून सांगितलं.

“मला पटतंय हो तुमचं,” सर म्हणाले. “पण वर काय सांगू? लाच घेतली नाही हे सांगायला मी बेडकांची गोष्ट सांगू?”

हरीण जप्त झालं. मावशींना समज मिळाली आणि त्यांची पासवर्ड विसरलेल्यांच्या टेबलावर बदली झाली. त्यांनी काही वाद घातला नाही. पाण्याची बाटली आणि गुडघ्यावर टाकायची शाल उचलून दोन रांगा पलीकडे जाऊन बसल्या. मी चिडले होते. निदान माझ्यासमोर तरी चिडा, असं म्हटलंही.

“चिडायला बसायला लागतं निवांत,” त्या म्हणाल्या. “मला इथे बरं आहे. इथे कुणी कुणाला काही केलेलं नसतं. नुसतं विसरलेलं असतं.”

त्यांची जागा मला मिळाली. तयार उत्तर आता मी पाठवते. जेवायला आम्ही अजून एकत्र बसतो. मावशी अर्धी पोळी ठेवून डोळे मिटून घेतात आणि मी डबा आवरते. खेळ त्यांनी फोनवरून काढलेला नाही, कारण सासरे काढू देत नाहीत. संध्याकाळी उद्याबघू त्यांना डावाला बोलावते. मावशी भात शिजायला लावून खुर्चीत टेकतात, पहिलं कार्ड टाकतात आणि दुसरं टाकायच्या आत त्यांचा डोळा लागतो. वेळ संपली की डाव हरतात. जाग येते तेव्हा सासरे शेजारी फोन धरून बसलेले असतात, आणि पडद्यावर पलीकडून आलेली चिठ्ठी असते: “झोपा, मावशी. मी आहे अजून थोडा वेळ.”