बर्फासाठीच्या साखळ्या

शारजात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ बहुतेक वाक्यांची सुरुवात ‘समजा’ने करत. समजा, लिफ्ट बंद पडली. समजा, एसी गेला. त्यांची बायपास झाली होती, पण त्याबद्दल मात्र ते कधी बोलत नसत. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्यांनी आपली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी बोटीने इराणला नेऊन बर्फाच्या डोंगरांत फिरायचं ठरवलं. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून टायरला बांधायच्या साखळ्या घ्यायला नवराबायको निघाले, तेव्हा कुतूहल म्हणून मीही गेलो.

दुकानदाराने जाड कड्यांची साखळी पुढे केली. “ये सबसे मजबूत है, हबीबी.”

शेजाऱ्यांनी वहिनींना लोकरीचे हातमोजे घालायला लावले आणि साखळी त्यांच्या हातात दिली. भर उन्हात वहिनी चाकाशी उकिडव्या बसल्या. ते ओझं काही टायरवर चढेना. मी पुढे झालो, तर शेजाऱ्यांनी मला अडवलं. मग बारीक कड्यांची साखळी आणवली. ती वहिनींनी घामाघूम होत एकट्यानेच बसवली.

“यही दे दो,” ते दुकानदाराला म्हणाले.

“पण मजबूत तर ती होती ना?” मी विचारलं.

“समजा, मला उतरता आलं नाही,” ते हळूच म्हणाले, “तर हिला निघता आलं पाहिजे.”

ते परत आल्यावर मी वहिनींना विचारलं, “साखळ्या लागल्या का?”

“लागल्या ना. मीच बसवल्या.”

“का, त्यांना बरं नव्हतं?”

“ठणठणीत होते. मीच खाली उतरू दिलं नाही.”