फायलींचे पत्ते जोडणारी खोली

डिचोलीत जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, काठावरची लाल धूळ सकाळी पुसली तरी दुपारी परत हजर! आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीतले किस्सेही तसेच. एक सांगून मोकळी होते तोवर दुसरा येऊन बसतो, आणि चार ओळखीचे भेटले की "ते पाटीलचं सांग गे!" अशी फर्माईश होतेच. तर सांगते. मध्ये कुणी बोलायचं नाही!

गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं. एका खाण कंपनीच्या वजनकाट्यावर, माडीवर आमची खोली. खाली खनिजाचे ट्रक तोलले जायचे, वर आम्ही त्या वजनांचा प्रोग्राम सी भाषेत लिहायचो. आम्ही म्हणजे तिघं: शिरगावचा दत्ताराम, कोल्हापूरचा पाटील, आणि पेडण्याहून बस बदलत येणारी मी.

वास्कोच्या मुख्य ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "तुमचा प्रोग्राम इथे माझ्या डोळ्यांसमोर चालला तर ठीक. नाहीतर मुंबईचं तयार पॅकेज घेतो आणि डिचोलीची खोली बंद करतो."

खोली बंद म्हणजे पाटील परत कोल्हापूरला, दत्ताराम खाणीवर आणि मी घरी. पेडण्याहून रोज वास्को कोण करणार? मी त्याच दिवशी ठरवलं, ही खोली बंद होऊ द्यायची नाही. नाही म्हणजे नाही!

प्रोग्राम अडायचा तो एकाच ठिकाणी, फायलीच्या पत्त्यात. डिस्क कुठली, डिरेक्टरी कुठली, फाइल कुठली, हे एका ओळीत, म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये, जोडायचं. सी भाषा त्यात बोट लावायला येत नाही. जागा आपण मोजायची, अक्षरं आपण नेऊन बसवायची, ओळ संपल्याची खूणही आपणच करायची. तिघं आपापल्या पद्धतीने करायचो आणि तिघंही मार खायचो. शेवटी मी टेबलावर हात आपटला. "पत्ता जोडायचं, तोडायचं, शेवटचं नाव वेगळं काढायचं, सगळ्याची फंक्शनं एकदाच लिहायची. बाहेर कुणी पत्त्याला हात लावला तर हात मोडीन!"

*

जोडायचं काम पाटीलकडे दिलं. पाटील कामाला वाघ, पण घाई भारी. डिरेक्टरीचं नाव आणि फायलीचं नाव ह्यांच्यामध्ये एक तिरकी रेघ लागते. ती कधी नावाच्या शेवटी आधीच असते, कधी नसते. पाटील धरून चालला की असतेच.

दुसऱ्या दिवशी शिरगावच्या खाणीची सगळी वजनं गायब! DATA डिरेक्टरीत SHIRGAO नावाची फाइल हवी, तर तिथे काहीच नाही. खाली ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत, वर माझं डोकं तापलंय. पाटील आपला शांतपणे एकेक डिरेक्टरी उघडून बघतोय. आणि एकदम ओरडला, "गावली ताई! ही बघा, बाहेरच बसलीया. DATASHIR!"

रेघ नव्हती म्हणून दोन्ही नावं चिकटली होती, आणि मशीनने पहिली आठ अक्षरं ठेवून बाकीची टाकून दिली होती.

"अशी कशी झाली रे?" मी विचारलं.

"काय न्हाई ताई, लगीन झालं. नवऱ्याचं नाव पुढं लावून बसलीया!"

*

घरी माझ्या आईला मी काय काम करते ते कळत नसे. एकदा फारच मागे लागली तेव्हा म्हटलं, "पत्ते जोडते गे. कुठली वस्तू कुठे जायची, ते बघते."

आठवड्याने शेजारची काकी दारात उभी, पदर खोचून. "बाय, माझ्या झिलान मुंबयसून पार्सल धाडलां, ता अजून येवंक नाय. तू इतकी पोस्टात आसून आमका काय उपेग?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "बघ गे, उद्या विचारून ये!"

*

पत्त्याचा शेवटचा तुकडा काढून टाकायचं फंक्शन दत्तारामने लिहिलं. पाटीलला ते समजावताना म्हणाला, "हें बघ. घर, वाडो, गाव. घर काडलें की वाडो उरलो. वाडो काडलो की गाव उरलो."

"आन् गाव काढलं की?"

"मगे उरता वास्को!"

आम्ही हसलो. मग एकमेकांकडे बघितलं आणि गुपचूप कामाला लागलो.

*

दत्ताराम शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त. जत्रेआधी व्रत सुरू झालं की तो वेगळा बसायचा, पाणी स्वतःचं आणायचा, कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. आम्हीही ते पाळायचो. पाटील तर फ्लॉपीसुद्धा लांबून टेबलावर ठेवायचा.

अशाच एका दिवशी दत्ताराम ताडकन उठला. त्याने पाटीलच्या पत्ता तोडायच्या फंक्शनला एक पत्ता नुसता वाचायला दिला होता. पाटीलच्या फंक्शनने तुकडे करताना मूळ पत्ताच कापून टाकला होता! काम झाल्यावर बघतो तर दत्तारामच्या हातात नुसतं डिस्कचं नाव.

"पाटला, म्हज्या पाण्याक हात लावूंक तुका भंय दिसता, आनी म्हज्या स्ट्रिंगाक बरो लावलो?"

पाटीलचा चेहरा पडला. खरंच वाईट वाटलं बिचाऱ्याला. बसल्या बसल्या त्याने प्रत्येक फंक्शनमध्ये दुसऱ्याच्या स्ट्रिंगच्या आधी const लिहिलं. const लिहिलं की त्या अक्षरांना फंक्शन हात लावायला गेलं तर कंपायलरच अडवतो.

तेव्हापासून आमच्या खोलीत const ला const कुणी म्हणेना. जत्रा होऊन गेली तरी पाटील विचारायचा, "ताई, ह्याला बी सोवळं नेसवू का?"

*

दत्तारामची पण एक गंमत आहे, नाहीतर तो सुटायचा! त्याचं फंक्शन तयार केलेला पत्ता नेहमी एकाच ठरलेल्या जागेत ठेवायचं. फायलीची कॉपी करायची म्हणून पाटीलने आधी 'कुठून' विचारलं, मग 'कुठे' विचारलं. दुसरं उत्तर पहिल्याच्याच जागेवर बसलं. दोन्ही पत्ते सारखे! प्रोग्रामने फाइल तिच्यावरच कॉपी केली आणि वर ऐटीत 'कॉपी झाली' म्हणून सांगितलं.

माझा पारा चढला. "दत्ताराम, शेजारणीकडे ताक मागायला जाताना भांडं कोण नेतं?"

"मागपी."

"मग ज्याला पत्ता हवा त्याने आपली जागा आणायची. आणि केवढी आणली तेही सांगायचं. त्यात मावलं तरच ओतायचं, सांडायचं नाही!"

"आनी भांडेंच हाडूंक ना जाल्यार?"

माझ्याआधी पाटीलच बोलला, "तर NULL द्यायचा, म्हंजे रिकामा हात, आन् दार लावून घ्यायचं!"

*

असं करत करत ती फंक्शनं इतकी पक्की झाली की आम्ही स्वतःच ती मोडायचा प्रयत्न करायचो. पाटील मुद्दाम हे लांबलचक पत्ते द्यायचा. दत्ताराम त्याला वैतागला आणि त्याने खास पाटीलसाठी म्हणून एररचे मेसेज घातले, कोंकणीत, रोमन अक्षरांत. काढून टाकू नंतर, असं ठरलं होतं. वास्कोला बोलावणं आलं त्या गडबडीत ते नंतर आलंच नाही.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये मुंबईचा पॅकेजवाला टाय लावून बसला होता. साहेब म्हणाले, "दोघांनाही एकच काम. फाइल मी सांगेन तिथे ठेवायची." आणि स्वतःच कीबोर्ड घेऊन त्यांनी डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी असा पत्ता टाइप केला, की संपता संपेना.

मुंबईच्या पॅकेजने हूं की चूं न करता 'सेव्ह्ड' म्हणून सांगितलं. पॅकेजवाला हसला. मग साहेबांनी ती फाइल शोधायला सांगितली. कुठेच नाही! पत्ता मध्येच कापून फाइल भलत्याच नावाने भलतीकडे ठेवली होती. पॅकेजवाल्याने बरीच शोधली, घामाघूम झाला.

मग आमची पाळी. साहेबांनी तोच पत्ता टाइप केला, एंटर दाबलं. पडद्यावर आलं: 'सायबा, वाट लांब जाली. मोटवी कर.' मोटवी म्हणजे आखूड!

मी पाटीलकडे बघितलं, पाटीलने दत्तारामकडे, आणि दत्तारामने जमिनीकडे. संपलं सगळं! खोली गेली!

साहेबांनी भुवया वर केल्या. तोच पत्ता परत टाइप केला, एंटर जरा जोरात दाबलं.

'आयकूंक येना? मोटवी कर म्हळां!'

साहेब पडद्याकडे बघत राहिले. मग खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि पुटपुटले, "बरें, बरें. करतां." आणि मुकाट्याने एकेक डिरेक्टरी खोडायला लागले.

पॅकेजवाला आशेने पुढे वाकला. "सर, एरर आली का?"

साहेबांनी मानही वर केली नाही. "एरर कसली! डिचोलीची खोली बोलते आहे. बोलू दे तिला!"