संकष्टीच्या दिवशी सुशीलाताईंचा डबा

सुशीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाझियाबादच्या बाजारात भाजी घेत होतो. डोळे भरून आले आणि पाठोपाठ चक्क हसू आलं... ताईंची आठवण अशीच, धडधडत येते.

ताई दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत होत्या. गुडगाव तेव्हा नुकतं कुठे उगवत होतं. तिथल्या एका नव्या सोसायटीतली आठ वर्षांची सिमरन त्यांच्या रुग्णालयात दाखल होती. कॅन्सरच्या औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी पार संपल्या होत्या आणि ताप काही केल्या उतरत नव्हता. ताई तिच्यासाठी रक्तदाता शोधत होत्या, माझा रक्तगट जुळला. पेशी वाढवणारं इंजेक्शन मला आदल्या संध्याकाळीच टोचलं होतं. सकाळी मी मोठ्या उत्साहात हजर!

"नाश्ता काय केलास?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. संकष्टी आहे ना! त्या मुलीसाठीच धरली."

ताई कडाडल्या, "अरे, यंत्रावर चक्कर येऊन पडलास तर पेशी कुठून आणू? चंद्र रात्री उगवेल, पोर तोवर थांबेल का? गणपतीला काय सांगायचं ते मी सांगते!"

त्यांनी स्वतःचा डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. मग दोन्ही हातांत सुया... एका हातातून रक्त यंत्रात जायचं, पांढऱ्या पेशी बाजूला निघायच्या, उरलेलं दुसऱ्या हातातून परत यायचं. मला हलायची बंदी. नाक खाजलं तरी ताईच खाजवणार! पिशवी भरली तशी त्या ती घेऊन वॉर्डाकडे जवळजवळ धावतच गेल्या, कारण या पेशी फार टिकत नाहीत.

दोन दिवसांनी माझ्या ऑफिसात फोन. सगळ्या सेक्शनला ऐकू जाईल असा आवाज, "अरे, ताप उतरला! पराठा मागतेय पोरगी!"

संध्याकाळी त्यांनी मला वॉर्डाच्या काचेपाशी नेलं. आत सिमरन उठून बसली होती. तिनं हात हलवला. शेजारी पाहतो तर ताई घळाघळा रडत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला तर याची सवय असेल."

"सवय झाली ना, त्या दिवशी नोकरी सोडेन!"

परवा मुद्दाम तिथे जाऊन आलो. त्याच काचेपुढे उभा राहिलो. आत एक अनोळखी सरदारजी वरण-भात खात होते. मी उगाचच हात हलवला... आणि त्यांनीही हसून चमचा वर केला.