विहिरीत न पडलेली सून

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही—नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच. आता सांगून मन हलकं होईल, असंही नाही.

धुळ्यात पारोळा रोडला एक जुना इंग्रजी धाटणीचा बंगला आहे. कमानी, रंगीत काचा, दिवाणखान्यात शेकोटी—धुळ्याच्या उन्हात शेकोटी कशाला, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. राणीच्या अमदानीत कापसाच्या एका व्यापाऱ्यानं साहेबाचं बघून तो बांधला. त्याची नात, अक्का, तिथं एकट्या राहायच्या. म्हातारपणी त्यांनी तो विकायला काढला. मला मुलींच्या वसतिगृहासाठी हवा होता—पण ऐपतीबाहेर होता.

अक्कांनी घर दाखवलं, घराण्याची हकिकतही सांगितली. कोपऱ्यातल्या खोलीत त्यांचा जन्म. आई तिथंच बाळंतज्वरानं गेली, तान्हीला कुशीत धरून. ‘सोडतच नव्हती म्हणे मला.’ आत्यानं सांगितलेली एवढीच आई त्यांच्या वाट्याला आली होती.

म्हणजे मला खरं माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात शेजारणींबरोबर गच्चीवर ज्वारीचे बिबडे थापताना मी म्हणाले, "बंगल्यातल्या सुनेनं परसातल्या विहिरीत जीव दिला म्हणतात." कोण म्हणत होतं? मीच. "मग तुझ्या वसतिगृहाला राखणदार फुकट," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या—मीही.

बिबडे वाळायच्या आत गोष्ट गावभर झाली. गिऱ्हाइकं फिरली. बंगला मला पडत्या भावात मिळाला.

अक्का जळगावला भाच्याकडे गेल्या. त्यांचं राहिलेलं सामान पोचवायला गेले, तर त्यांनी हळूच विचारलं, "लोके म्हनतस, मनी मायनी हिरमा जीव दिन्हा. खरं शे का वं?"

‘नाही’—एवढाच शब्द. किती जड असतो तो? बंगला तर माझ्या नावावर झालेला होता.

"मला काय माहीत, अक्का? सगळे म्हणतात."

पुढं आखाजी—अक्षय्य तृतीया—आली. आपल्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. अक्कांनी आईची घागर जन्मभर भरली होती. त्या वर्षी भरली नाही. भाचेसुनेनं मला फोनवर सांगितलं—अक्का म्हणाल्या, "मले टाकीसन गयी ती. तिले पानी कसाले देऊ?"

मी ‘हो का’ म्हटलं आणि फोन ठेवला. पुढच्या आखाजीच्या आत अक्का गेल्या.

वसतिगृह चांगलं चाललंय. जुन्या मुली नव्या मुलींना विहिरीची गोष्ट सांगतात. मी ऐकते, आणि कामाला लागते.