सरपंचबाईंचं पुजलेलं डोंगल

कुरुंदा मागं पडलं आणि शिजणाऱ्या हळदीचा उग्र, मातकट वास नाकात शिरला. खळ्याखळ्यांवर पिवळे गालिचे. हळद बघायला आलेल्या मला वसमतहून मोटारसायकलवर घेऊन निघालेले ग्रामसेवक मात्र तिकडं ढुंकूनही बघत नव्हते. “हळद तुमी बघा, साहेब. मला आज दुसरंच दिसून राहिलं.”

मार्चचा शेवटचा दिवस होता. त्यांच्या गावच्या विहिरीवरची मोटार जळालेली. नवीचे पैसे मंजूर होते, पण संध्याकाळच्या आत संगणकावरून सुटले नाहीत तर निधी परत. पैशाशिवाय दुकानदार मोटार देईना, आणि पुढं अख्खा उन्हाळा. पैसे सोडायला दोन डोंगल (सहीऐवजी संगणकाला लावायची बोटाएवढी कांडी) लागतात. एक ग्रामसेवकांचं, एक सरपंचबाईंचं.

बाई मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या, आवाज माळावर कमावलेला. त्यांच्या घरी पोचताच ग्रामसेवकांनी बरोबर आणलेला लॅपटॉप उघडून आपल्या डोंगलचं काम उरकलं. मला भाकरी-ठेचा वाढायला सांगून बाईंनी पुरचुंडीतलं डोंगल काढलं. लावलं. संगणक ढिम्म. ग्रामसेवकांनी ते उजेडात धरलं. डोंगलच्या तोंडात हळदीचा सुकलेला लगदा, वर कुंकू.

“बाई, हे काय केलं?”

“पाडव्याला पुजलं. दसऱ्याला तुमची गाडी पुजली, तवा काहून (का) न्हाई बोललात, भाऊसाहेब?”

नवं डोंगल मिळायला कित्येक दिवस लागणार होते. काडी आत जाईना, कापड पोचेना. बारीक ब्रश हवा होता.

ब्रश माझ्या पिशवीत होता. पण मिशीचा काळा रंग आमच्या घराण्यातलाच आहे, असं मी आजवर छातीठोक सांगत आलोय. दारातलं ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलं, तसा मी मुकाट्यानं ब्रश काढला. बाईंनी ब्रशकडं पाहिलं, मग मिशीकडं. पदर तोंडाला गेला.

ग्रामसेवकांनी कण कण खरवडला. डोंगलचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. बाईंनी आपला गुप्त आकडा दाबला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं आणि आम्ही तिघं श्वास रोखून त्याच्याकडं बघत राहिलो.

“सुटले,” ग्रामसेवक पुटपुटले.

बाईंचा हात सवयीनं करंड्याकडं गेला. ग्रामसेवक डोंगल पाठीमागं लपवून उभे राहिले.

“याला आता न्हाई लावायचं, बाई.”

“मंग ज्यानं काम केलं त्याला लावते,” म्हणत त्यांनी माझ्या ब्रशला कुंकू लावलं.

मी घरी परतल्यावर काही दिवसांनी ग्रामसेवकांचा फोन आला. नुसता नव्या मोटारीच्या पाण्याचा आवाज ऐकवला. पुजलेल्या ब्रशनं आता रंग कसा लावायचा? तो आमच्या देवघरात आहे, आणि घराण्याची मिशी पांढरी होऊन राहिली आहे.