ह्यांचे कान म्हणून जर्मनीला

ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं आणि चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, तेव्हा चुका असतील त्या असतील. अक्षर तर कोंबडीचे पाय. कुणी वाचलंच तर आधीच माफी मागते. लिहायला बसले ते चौकातल्या फ्लेक्समुळे. हे गेले त्याला आता दीड महिना होत आला, तरी मंडपवाल्या मित्रांनी लावलेला तो फ्लेक्स पाटोद्याच्या चौकात अजून लोंबतोय. फोटोखाली लिहिलंय, मितभाषी, मनमिळाऊ, सर्वांचे ऐकून घेणारे. मनमिळाऊ ठीक आहे. पण मितभाषी? आणि ऐकून घेणारे? ज्या माणसाला एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची आणि तिसऱ्यांदा सांगितली की “ओरडती कावून?” असं मलाच विचारायचा, तो ऐकून घेणारा... बाजाराला जाताना रोज ते वाचते आणि रोज माझं डोकं फिरतं. लोकांसमोर जाऊन हे चूक आहे म्हणण्याइतकी मी धीट नाही. म्हणून इथं खरं काय ते लिहून ठेवते.

बातमी रशीदभाईंच्या फोनवर आली. रशीदभाईंचं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान ह्यांच्या साउंडच्या दुकानाला लागूनच आहे. सगळा जन्म ह्यांच्याशी बोलून त्यांना फोनवर ओरडायची सवय लागलेली, माझ्याशीही ओरडूनच बोलायचे. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागायचा. त्या दुपारी मी शेंगा फोडत होते, फोन आला, मी तसाच लांब धरला आणि काहीच ऐकू येईना. जवळ आणला तेव्हा कळलं, ते अगदी हळू बोलत होते. “वहिनी... तुम्ही दवाखान्यात या.” एवढंच. रशीदभाई हळू बोलले तेव्हाच मला समजलं, आता ओरडायचं काही कारण राहिलेलं नाही.

ह्यांचे कान कसे गेले ते सांगायला नको. तीस वर्षं भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभा राहणाऱ्या माणसाचे कान राहतील कसे. पण ते गेले हे कळायला फार वेळ लागला. लग्नात पाहुणे कानावर हात ठेवायला लागले, म्हातारी माणसं मंडपातून उठून जायला लागली. रशीदभाई एकदा साउंडच्या मशीनजवळ गेले आणि म्हणाले, “भानूभाई, ट्रेबल इतना कायकू चढाया?” ट्रेबल म्हणजे वरचा, बारीक आवाज. हे म्हणाले, चढवला कुठं, मला तर येतच न्हाई. मग बीडला डॉक्टरकडे गेलो. त्याने ह्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं, खालचा आवाज बरा आहे, वरचा गेलाय. पाखरांचा, झांजेचा, बायकांचा. बायकांचा म्हटल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. मी मुळात हळू बोलणारी. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस मला जुमानत नाही. त्यावर मी किती रुसले, किती दिवस अबोला धरला. आता कळलं की ह्यांना ऐकूच येत नव्हतं. आणि अबोला धरला होता तेही ह्यांना कळलं नव्हतं. मला समाधान वाटायला हवं होतं, पण रागच आला. सगळा रुसवा फुकट गेला.

डॉक्टरने दोन्ही कानांना मशीन सांगितलं. जोडीचे लाखभर रुपये. माझा भाऊ शिरूर कासारला असतो, ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम आहे. दादाकडे मी कधी काही मागितलं नव्हतं, त्या वेळी मागितलं. त्याने एका शब्दावर लाख रुपये आणून दिले. म्हणाला, “दाजीचे कान आण आधी, पैशाचं बघू मागून.” वहिनीने चहाचा कप जरा आपटूनच ठेवला, पण पैसे मिळाले.

ते पैसे कपाटात असतानाच पुण्याच्या कंपनीची स्कीम आली. ज्या दुकानदारांनी त्यांचे स्पीकर जास्त विकले, त्यांना जर्मनीला भारी साउंडचं प्रदर्शन दाखवायला नेणार. दुकानदाराचा खर्च कंपनीचा, सोबत कुणाला आणायचं तर त्याचा आपला. मी म्हणाले, जाऊन या एकटे. तर हे म्हणाले, “मी एकटा जाऊन काय करू? वरचं मला येत न्हाई. ते तू ऐकायचं अन् मला सांगायचं.” मी म्हणाले, मशीन घ्या आणि मग जा. तर म्हणे मशीनमधून आवाज पत्र्याचा येतो, डॉक्टरच बोललाय. आणि कानात मशीन घातलेल्या माणसाला लग्नाचा साउंड कोण सांगंल? आहेत तेवढ्या कानांनी एकदा चांगला आवाज ऐकून येऊ, मशीनचं पुढच्या सीझनला. मी कपाटाची किल्ली कमरेला लावून चार दिवस फिरले. पाचव्या दिवशी हे दुकानात गेले नाहीत. जेवले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. शेवटी मीच वैतागून किल्ली पुढ्यात टाकली. पासपोर्टचे फोटो काढायला गेलो तर फोटोवाला म्हणाला, काकू, पदर मागं घ्या, कान दिसायला पाहिजेत. हे बाजूने म्हणाले, “तेच तर न्यायचेत.” आणि एकटेच हसले.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. तिला कुठून कळलं कोण जाणे. म्हणाली, “आमच्या पैशानं इमानात बसा, जर्मनी बघा, अन् आल्यावर आमालाबी सांगा कशी हाय ती.” मी फोन ठेवला. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, देऊ की. मी तिथंच ठरवलं, पैसे पुरे फिटेपर्यंत माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. ह्यांना तेही सांगितलं. तीनदा.

प्रदर्शन म्हणजे मला वाटलं होतं जत्रेसारखं असेल, जो तो मोठ्याने लावून बसला असेल. तसं काहीच नव्हतं. काचेच्या मोठ्या इमारती, आत गालिचे घातलेल्या खोल्या, दार लावलं की बाहेरचं काही येत नाही. खोलीत खुर्च्या मांडलेल्या, त्यांच्यावर पांढऱ्या केसांची माणसं डोळे मिटून बसलेली. कीर्तनातही आपल्याकडे इतकं गप्प कुणी बसत नाही. मी दाराशी चपला काढल्या, मग ह्यांनीही काढल्या, बाकी कुणी काढलेल्या नव्हत्या. समोर दोन स्पीकर, माणसाच्या उंचीचे, त्यांना मनगटाएवढी वायर. आमच्यासोबत कंपनीचे पुण्याचे साहेब होते. त्यांनी वायरची किंमत सांगितली तेव्हा मी पाय आखडून घेतले, चुकून तुडवली तर आपलं पाटोद्यातलं घर जायचं.

हे नेमके मधल्या खुर्चीत बसले. गाणं सुरू झालं, त्यांच्या भाषेतलं, एक बाई गात होती. आणि त्या शांततेत हे आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “वरचं येतंय का?” सगळ्यांनी डोळे उघडले. मी पदर तोंडाला लावून मान हलवली. “मानेनं सांगू नको, बोल. काय येतंय?” मी कानाशी वाकून म्हणाले, बाई गातीय. “ते मलाबी येतंय. वरचं सांग. अन् मोठ्यानं बोल.” पुण्याचे साहेब पुढे वाकून म्हणाले, काकू, जरा हळू. मला, ज्या बाईचा आवाज शेजारच्या घरी कधी गेला नाही, तिला परदेशात जाऊन हळू बोला म्हणून सांगितलं. तिथं माझं काय झालं मला माहीत नाही. मी साहेबांना म्हणाले, ह्यांना येत न्हाई ऐकू, मी काय करू? आणि मग मोठ्याने सांगायला लागले.

“गाण्याच्या आधी तिनं श्वास घेतला.”

“श्वास येतोय?”

“येतोय. अन् ओठ वलं केल्यालंबी येतंय.”

“कुठून?”

“मधून. मधी कायबी न्हाई, तरी बाई मधीच हुबी हाय.”

हे समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग विचारलं, उजव्या अंगाला काय आहे. मी म्हणाले, तारेचं काहीतरी वाजतंय, आणि तारेवरून बोट सरकतं त्याचं घासणं येतंय. हे मग म्हणाले, “मंजी असतंय ते... मला वाटायचं, कंपनीवालं उगं सांगत्यात.” आणि लगेच, “पुढं?”

त्या दिवशी आम्ही कितीतरी खोल्या फिरलो. काही खोल्यांतून लोक उठून गेले. एकीत एका गोऱ्या म्हाताऱ्याने आम्हाला दोघांना दाराबाहेर नेऊन सोडलं, नीट हात जोडून, पण सोडलंच. ह्यांना त्याचं काही नाही, पुढच्या खोलीत पुन्हा मधली खुर्ची. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. मला चहा हवा होता, ह्यांना पुढची खोली हवी होती. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर नेलेली, ती जिन्यावर बसून खाताना हे पुन्हा सगळं विचारायला लागले, पहिल्या खोलीतला श्वास लांब होता का आखूड, झांज वाजून लगेच संपली का विरत गेली. मी चिडून म्हणाले, जेवा आता. पण मनात येऊन गेलं, लग्न झाल्यापासून ह्यांनी मला इतके प्रश्न कधी विचारले नव्हते. आणि माझ्या उत्तरासाठी असं तोंडाकडे बघत कधी थांबले नव्हते. त्याला जर्मनी लागली, दादाचे लाख रुपये लागले.

परत आलो आणि धंदा बसला. मला वाटलं होतं, नवं बघून आलेत, धंदा वाढेल. तर ह्यांनी आवाज कमी केला. लग्नात मला मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात उभं करायचे आणि मी हाताने खुणा करायच्या, वरचा कमी, अजून कमी. बायका विचारायच्या, हे काय करते ही? नवरदेवाचे मित्र भांडायला यायचे, छातीत धडधडलं नाही तर पैसे कशाचे म्हणून. हे त्यांना समजावून सांगायचे की गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला पाहिजे. वरातीत! मी कपाळावर हात मारून घ्यायचे. पुढच्या सीझनला निम्म्या लोकांनी दुसरा साउंड सांगितला. मशीनचं नाव निघालं नाही. सरकारी शिबिरात एक साधं मिळालं, ते हे शर्टाच्या खिशात ठेवायचे, शिट्टी मारतं म्हणून.

दादाचे पैसे मग पाच हजार, तीन हजार असे जात राहिले, रशीदभाईंचा कुणी शिरूरकडे निघाला की त्याच्या हाती. मी गेले नाही. चार भाऊबीजा गेल्या. दादा दर वेळी स्वतः यायचा, ओवाळून घ्यायचा, ह्यांच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणायचा, “काय दाजी, काय ऐकलं जर्मनीत?” हे माझ्याकडे बोट करायचे, हिला इचारा. दादा हसायचा, मला विचारायचा मात्र नाही. मला ते हसणं लागायचं. रात्री ह्यांना म्हणायचे, माझ्या तिकिटाचे पैसे आहेत ते, माझ्या नावाने बोललं जातंय तिकडं. हे म्हणायचे, देऊ की. शेवटी निम्म्याहून जास्त देणं ठेवून गेले. सांगून झालं होतं सगळं, ओरडून झालं होतं, आणि हा माणूस असा मधेच उठून गेला. त्यांच्यावर चिडायची सोयही ठेवली नाही.

दादा दहाव्याला आला, खूप रडला, पैशाचं बोलला नाही. मीच रशीदभाईंना सांगितलं, सगळं विका. केजचा एक मंडपवाला आला. त्याने स्पीकरच्या पेट्या ठोकून बघितल्या आणि मला विचारलं, आवाज मोठा येतो ना? मी म्हणाले, येतो, चढवाल तेवढा. रशीदभाईंनी तोंड फिरवलं.

मागच्या सोमवारी शिरूरला गेले. वहिनीने पाणी दिलं. मी पिशवीतून पैसे काढून दादापुढे ठेवले आणि म्हणाले, मोज. तो नको म्हणाला, आत्ता कशाला म्हणाला, डोळे पुसले. मी म्हणाले, दादा, मोज. मग तो मोजायला बसला, अंगठ्याला थुंकी लावून, आणि मला बरं वाटलं. मोजून झाल्यावर त्याने वरची एक पाचशेची नोट काढून माझ्या हातात ठेवली, गाडीभाड्याला राहू दे म्हणाला. मी ती परत त्या पैशांत ठेवली. “एकबी कमी नको.” वहिनी बघत होती. दादाने सगळ्या नोटांना रबर लावलं आणि म्हणाला, “फिटले, सुमे. काई राह्यलं न्हाई.”

बरं झालं. आता मला कुणापुढेही म्हणता येईल, जर्मनीला आम्ही आमच्या पैशाने जाऊन आलो.