नभोनाट्यातला गलबला

निवृत्तीनंतर मला नभोनाट्यात काम मिळालं, असं मी सगळ्या रत्नागिरीत सांगत सुटलो होतो. काम कसलं, तर 'गलबला'. म्हणजे रेडिओवर सभा तापली की मागे जी आरडाओरड ऐकू येते, ती करणाऱ्यांपैकी एक. संहितेत आमच्यासाठी तेवढा एकच शब्द होता, तोही कंसात.

दिग्दर्शकांचा थाट मात्र नायक घडवत असल्यासारखा. "काहीही बोला, शब्द कळता कामा नयेत. आणि फेड आउटला गप्प व्हायचं नाही. आवाज आम्ही काचेपलीकडून कमी करू. लाल दिवा विझेपर्यंत बोलत राहा."

गलबल्याला माइक एकच. एका बाजूला मी आणि समोर, माझं नशीब, चुलतभाऊ! आमच्या घरांमध्ये जांभ्या दगडांचा रचलेला गडगा आहे. तो कोणी कोणाच्या हद्दीत सरकवला, यावरून कित्येक वर्षं बोलणं बंद. भावकीत याहून क्षुल्लक कारणंही पुरतात. त्याची आई, माझी काकी, अंथरुणाला खिळल्याचं मला मासळीबाजारात परक्याकडून कळलं होतं. तिच्याच हातचं जेवून मी वाढलो. जीव तुटत होता, पण आधी नमतं कोण घेणार?

लाल दिवा लागला. कोणी आंब्याचा भाव ओरडू लागलं, एक बाई चक्क पाढे म्हणत होत्या. मी माइककडे बघत विचारलं, "काकी कशी आहे?"

तोही माइकलाच म्हणाला, "तुला काय पडलंय?"

"पडलं नसतं तर विचारलं असतं?"

"गडगा सरकवलास तेव्हा विचारायचं होतंस."

"मी? मेल्या, तू सरकवलास!"

आणि स्टुडिओत शांतता पसरली. भावकीचं भांडण कानावर पडल्यावर रत्नागिरीकर कशाला पाढे म्हणतोय! सगळे कान टवकारून उभे. काचेपलीकडून दिग्दर्शक किंचाळले, "गलबला कुठे गेला?"

पुन्हा टेक घेतला. या खेपेला सगळे जिवाच्या आकांताने ओरडत होते. त्या कल्लोळात तो पुटपुटला, "हल्ली ती मला तुझ्याच नावाने हाक मारते."

मला रडू फुटलं. तेही गलबल्यातच खपलं. मी काकीबद्दल विचारत राहिलो, तो सांगत राहिला. लाल दिवा कधीच विझला होता, बाकीचे चहाला गेले होते.

"संध्याकाळी ये," तो म्हणाला. "गडग्यावरूनच ये, जवळ पडतं."